कंट्रोल-झेड आणि मामांची दुसरी फाइल

माझ्या मामांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. आधी व्हॉल्व्हचे, मग ट्रान्झिस्टरचे, शेवटी शेवटी तर लोक केवळ आठवण म्हणून आणून द्यायचे तसले. मागच्या वर्षी मी त्यांना तीन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि बोलतं केलं. रोज साधारण चाळीस मिनिटं. तीन दिवसांच्या तीन फाइली झाल्या, त्यांना मी मामा1, मामा2, मामा3 अशी नावं दिली.

पहिल्या फाइलीच्या सुरुवातीला मी माइक लावत होते, तेवढा भाग उडवायचा होता. एवढ्यासाठी एडिटर उघडायची गरज नसते, एफएफएमपेग या, आदेश टाइप करून चालवायच्या व्हिडिओ प्रोग्रामची एक ओळ पुरते. 'कॉपी' असं सांगितलं की तो व्हिडिओ पुन्हा एन्कोड करत बसत नाही, आतला डेटा जसाच्या तसा उचलून नव्या फाइलीत ठेवतो. त्यामुळे चाळीस मिनिटांचा व्हिडिओही काही सेकंदांत तयार होतो. नव्या फाइलीला मी मामा1_कट असं नाव द्यायला हवं होतं. बोटांनी मामा2 टाइप केलं. एरवी एफएफएमपेग अशा वेळी थांबतो आणि विचारतो, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? पण ती ओळ मी माझ्याच एका जुन्या स्क्रिप्टमधून उचलली होती आणि तिच्यात 'वाय' हा पर्याय टाकलेला होता. त्याचा अर्थ, विचारू नकोस, लिही. त्याने लिहिलं. फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग मी आदल्याच रात्री जागा करायला पुसून टाकलं होतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, रिकव्हरीचं काहीतरी लावून बघ आधी, रडू नकोस." लावून बघितलं. फाइलीचे तुकडे मिळाले, पण त्यांतला एकही चालला नाही.

मी अल्बम ऐकते, व्हिडिओ जुळवते आणि डावपेचांचे गेम खेळते. या तीन गोष्टींत माझा रिकामा वेळ जातो आणि त्यांच्याबद्दल माझी मतंही ठाम आहेत. त्या दिवसानंतर मात्र तिन्हींकडे मी एकाच प्रश्नातून बघायला लागले. इथे केलेली गोष्ट मागे घेता येते का? येत असेल तर कुठपर्यंत?

व्हिडिओपासून सुरू करते, कारण चूक तिथे झाली.

संकलनाच्या धंद्यात मूळ वस्तूला हात लावायचा नाही हा नियम कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे. फिल्मच्या काळात संकलक निगेटिव्ह कापत नसत. निगेटिव्हवरून काढलेली वर्कप्रिंट कापायची, चिकटपट्टीने जोडायची, आवडलं नाही तर पट्टी काढून पुन्हा जोडायची. चित्रपट पक्का झाला की मगच निगेटिव्ह कापणारा माणूस हातमोजे घालून बसायचा. तिथे जोड सिमेंटने, म्हणजे फिल्म वितळवून व्हायचा आणि प्रत्येक जोडापाशी फिल्मचा थोडा भाग कायमचा जायचा. म्हणजे मागे फिरण्याची मुभा महिनोन् महिने आणि मग एक दिवस ती संपायची. व्हिडिओ टेप आली तेव्हा गोष्टी उलट अवघड झाल्या. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर क्रमाने उतरवत जायचं. मधला एक शॉट दोन सेकंदांनी लांबवायचा ठरला, तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवा, नाहीतर आणखी एक प्रत काढा आणि चित्र थोडं खराब झालेलं सोसा. 1989 मध्ये एव्हिडचा मीडिया कंपोझर आला आणि कुठेही शिरा, काहीही हलवा, मूळ जागच्या जागी राहील ही सोय कॉम्प्युटरवर मिळाली. आज माझ्या साध्या लॅपटॉपवरचा प्रत्येक एडिटर त्याच कल्पनेवर उभा आहे. टाइमलाइनवर असते ती क्लिप नसते, क्लिपकडे दाखवणारी खूण असते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटरची प्रोजेक्ट फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. एक्सएमएल आहे, म्हणजे वाचता येईल असा साधा मजकूर. कोणती फाइल, कुठपासून कुठपर्यंत, वर कोणता इफेक्ट, एवढंच लिहिलेलं असतं. केडेनलाइव्हवर माझा जीव आहे तो यामुळे. तो देखणा नाही, कधीकधी बंद पडतो आणि उघडल्यावर सांगतो की वाचवलेली प्रत आहे, घेऊ का. पण त्याने माझ्यापासून काही लपवलेलं नाही. एकदा फोल्डर हलवल्यामुळे साठ क्लिपांचे पत्ते चुकले होते, ते मी त्या टेक्स्ट फाइलीत शोधा-आणि-बदला करून दुरुस्त केले. असं दुसऱ्या कुठल्या एडिटरमध्ये मला करता आलेलं नाही.

रंगांसाठी मात्र मी दाविंची रिझॉल्व्ह वापरते. ब्लॅकमॅजिकने 2009 मध्ये दाविंची ही कंपनी घेतली, पुढे त्यात फेअरलाइटचा ऑडिओ आणि फ्यूजनचे इफेक्ट आणून बसवले. मोफत आवृत्तीत इतकं मिळतं की नवख्या माणसाला वर्षभर पुरून उरेल. लिनक्सवाल्यांनी आधीच ध्यानात ठेवावं, मोफत आवृत्तीला तिथे एच.264, म्हणजे फोनचे व्हिडिओ बऱ्याचदा ज्यात असतात तो प्रकार, चालत नाही, फोनचे व्हिडिओ आधी बदलून घ्यावे लागतात. पण मला रिझॉल्व्ह आवडतो तो त्याच्या नोडमुळे. रंगाची प्रत्येक दुरुस्ती एका वेगळ्या नोडमध्ये ठेवायची. उजेड पहिल्यात, त्वचेचा रंग दुसऱ्यात, मागच्या भिंतीचा निळेपणा तिसऱ्यात. दोन आठवड्यांनी वाटलं की त्वचा जरा जास्तच तांबूस झाली, तर फक्त दुसरा नोड बंद करायचा. पहिला आणि तिसरा जागेवर राहतात.

कंट्रोल-झेड असं करू शकत नाही. अनडू ही रांग आहे. पाचवी चूक काढायची तर सहावी, सातवी आणि आठवी बरोबर गोष्टही सोडावी लागते. लोक म्हणतात, अमुक एडिटरमध्ये शंभर पायऱ्या मागे जाता येतं. मला शंभर पायऱ्या नकोत. मला हवी ती एक पायरी मधूनच उचलता आली पाहिजे. कुठलंही एडिटिंग सॉफ्टवेअर नवीन बघताना मी आता हेच आधी तपासते, बाकीचं नंतर.

(फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून पुढे जाते. फोनच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग बऱ्याचदा कमीजास्त होत असतो. एडिटरला तो ठरावीक हवा असतो. म्हणून लांब मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांनी ओठ आणि आवाज सुटे व्हायला लागतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्रेमरेट 'कॉन्स्टंट' करून फाइल आधी बदलून घ्या. मूळ फाइल पुसू नका. कृपा करून पुसू नका.)

आता गेमकडे येते, कारण माझ्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला एका गेममध्ये सापडलं. तेही जुन्या, फुकट, ओपन सोर्स गेममध्ये. बॅटल फॉर वेस्नॉथ. 2003 मध्ये डेव्हिड व्हाइटने सुरू केलेला आणि पुढे असंख्य स्वयंसेवकांनी वाढवलेला. षटकोनी घरांचा नकाशा, दिवस आणि रात्र यांचं चक्र. काही सैनिक उजेडात 25 टक्के जास्त जोर लावतात, काही अंधारात. जमीन कशी आहे त्यावर वार लागण्याची शक्यता ठरते, आणि जादूचा वार मात्र कुठेही उभे राहा, 70 टक्के वेळा लागतो.

वेस्नॉथमध्ये सैनिक हलवला आणि पस्तावलात, तर अनडू करता येतं. पण दोन प्रसंगी येत नाही. त्या चालीमुळे नकाशावरच्या धुक्याआड लपलेलं काही नवीन दिसलं तर नाही. आणि वार केला, फासा पडला, तर नाही. ढोबळमानाने एवढाच नियम आहे. मी बारा वर्षं हा गेम खेळते आहे आणि या नियमाकडे कधी लक्षही गेलं नव्हतं. आता वाटतं, याहून न्याय्य नियम मी कुठे बघितलेला नाही. तू एकटी विचार करत होतीस तोवर हवं तितकं मागे फीर. समोरून उत्तर आलं की ते आलं.

याच्या दुसऱ्या टोकाला एफटीएल आहे. 2012 चा. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी केलेला, किकस्टार्टरवर मागितले होते त्याच्या वीसपट पैसे लोकांनी दिले. एक जहाज, आठ सेक्टर, आणि जहाज फुटलं की सेव्ह केलेलंही गेलं. आधीच्या ठिकाणी परत जाणं नाही. दादा माझ्याशेजारी बसून बघायचा आणि वैतागायचा. "तू तासभर खेळलीस आणि सगळं गेलं? परत तिथूनच का नाही देत सुरू करायला?" मला त्या वेळी उत्तर देता आलं नव्हतं. आज देते, दादा. तिथून सुरू करायला दिलं असतं, तर ऑक्सिजन संपत आलेला असताना दार उघडून आग विझवायची की दोन माणसं आत पाठवायची, हा विचार मी केलाच नसता. दोन्ही करून बघितलं असतं. सेव्ह करून-करून खेळणाऱ्यांना थोपवण्यासाठी 2012 च्याच एक्सकॉममध्ये वेगळीच युक्ती होती. फाशाचं बीजच, म्हणजे पुढचे फासे ज्यावरून ठरतात तो आकडाच, सेव्हमध्ये ठेवलेला असायचा. तीच चाल तशीच पुन्हा केली तर नेम पुन्हा तसाच चुकायचा. मला ती युक्ती आवडते, पण ती खेळाडूवर अविश्वास दाखवते. वेस्नॉथ तसं करत नाही.

एफटीएलच्याच जोडगोळीने 2018 मध्ये इनटू द ब्रीच आणला आणि माझ्या मते डावपेचांच्या गेमांत त्याच्यासारखा दुसरा नाही. आठ बाय आठचा पट. तुमचे तीन यांत्रिक सैनिक. शत्रू पुढच्या खेपेला कुठे मारणार हे आधीच पटावर काढून दाखवलेलं. म्हणजे नशिबाला दोष देण्याची सोय जवळपास नाहीच. तुम्ही शत्रूला मारायचं कमी आणि ढकलायचं जास्त. एक घर बाजूला सरकवला की त्याचा वार इमारतीऐवजी त्याच्याच साथीदारावर बसतो. हालचाल मागे घेता येते, वार झाल्यावर नाही. त्याशिवाय प्रत्येक लढाईत एकदाच, फक्त एकदाच, अख्खी खेप पुन्हा खेळायची मुभा असते.

त्या एकदाच्या मुभेबद्दल मला सांगायचंय. सुरुवातीला मी ती पहिल्याच खेपेत वापरून टाकायचे. मग कळलं की ती वापरायची नाही असं ठरवून खेळलं की मी पटाकडे जास्त वेळ बघते. बटण तिथे असतं, पण मी ते कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखं वागते. दहा-दहा मिनिटं एकाच खेपेवर गेली आहेत. चौसष्ट घरं, तीन सैनिक, आणि कुठेच काही लपलेलं नाही, तरी दहा मिनिटं. आणि इमारत पडली की तिची वीज कमी होते, ती पुढच्या बेटावरही आपोआप भरून येत नाही. ती घट घेऊनच खेळत राहायचं. दोन्ही गेमना बेन प्रन्टीचं संगीत आहे आणि एफटीएलचं तर मी गेम न खेळताही ऐकते. बॅन्डकॅम्प या, कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायच्या साइटवरून उतरवलेलं आहे.

बॅन्डकॅम्पचा विषय निघाला म्हणून अल्बम.

स्वतंत्र कलाकारांचे अल्बम मला का आवडतात हे मी अनेकदा चुकीचं सांगितलेलं आहे. 'खरे वाटतात' असं म्हणायचे. ते काही उत्तर नव्हे. पैसेवाल्या स्टुडिओतही खरं गाता येतं. मला आवडतं ते हे, की ज्याच्याकडे पुन्हा-पुन्हा करून बघायची सोय कमी असते त्याचे निर्णय ऐकू येतात. गाइडेड बाय व्हॉइसेस या बँडचा 1994 चा 'बी थाउजंड' घ्या. बरंचसं काम चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झालेलं. वीस गाणी, छत्तीस-सदतीस मिनिटं. चार ट्रॅकवर काम करताना जागा संपली की तीन ट्रॅक मिळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून नवं भरायचं. त्यानंतर ढोल जास्त झाला की गिटार कमी झाली हे सुधारता येत नाही, ते एकजीव झालेलं असतं. या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात मध्येच एक गिटार गायब होते आणि परत येते. ते तसंच ठेवलेलं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझ्या हेडफोनची वायर सुटली असं वाटलं होतं. आज ती गिटार गेली नाही तर मला ते गाणं अपुरं वाटेल.

दुसरा अल्बम बरिअलचा 'अनट्रू', 2007 चा. हा माझ्यासाठी वर्षातून चार-पाच रात्रींचा अल्बम आहे, रोजचा नाही. पावसाची आणि जुन्या तबकडीची खरखर, माणसांचे वर-खाली ओढलेले आवाज, आणि थोडे इकडे-तिकडे पडणारे ताल. हे ताल असे का पडतात? कारण त्याने सिक्वेन्सर वापरलाच नाही. साउंड फोर्ज या ऑडिओ एडिटरमध्ये, लहरीचं चित्र डोळ्यांनी बघून, ठोके हाताने बसवले. सिक्वेन्सर ठोका आपसूक रेघेवर नेऊन ठेवतो. साउंड फोर्ज तसं करत नाही, तुम्ही जिथे ठेवाल तिथे तो. नंतर सगळा ताल एका बटणाने सरळ करायची सोय तिथे नाही.

आणि इथे माझ्या दोन आवडी एकाच घरात जन्मलेल्या निघतात. साउंड फोर्ज मूळचं सॉनिक फाउंड्री या कंपनीचं. व्हेगास हा व्हिडिओ एडिटरही मूळचा त्यांचाच. 1999 मध्ये व्हेगास आला तो फक्त आवाजासाठी, व्हिडिओ त्यात पुढच्या आवृत्तीत घातला. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना आठवत असेल, व्हेगासमध्ये व्हिडिओची क्लिपही ऑडिओसारखीच वागते. कडा ओढली की फेड, एकावर एक सरकवली की क्रॉसफेड. मी एडिटिंग शिकले ती त्यावर. अजूनही कुठल्याही एडिटरमध्ये मी आधी आवाज जुळवते आणि मग चित्र बघते. मला वाटतं मुलाखतीचं काम असंच करावं. चित्रात उडी खपते, श्वास मध्ये तुटला की खपत नाही.

अल्बम मी विकत घेऊन उतरवून ठेवते, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलींत. स्ट्रीमिंगवर अल्बमची आवृत्ती बदलली तरी ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि एखादा अल्बम नाहीसाही होतो. याच्या अगदी उलट किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडने 2017 मध्ये केलं. 'पॉलिगॉन्डवानालँड' हा अल्बम फुकट देऊन टाकला, मास्टर फाइलींसकट, ज्याला हवं त्याने छापा आणि विका असं सांगून. हे कधीच परत घेता येणार नव्हतं आणि त्यांना ते घ्यायचंही नव्हतं. संगीत म्हणून तो मला त्यांच्या इतर अल्बमांइतका आवडत नाही. कृती म्हणून फार आवडते.

पण ज्या अल्बमपाशी मला यायचं होतं तो कार सीट हेडरेस्टचा 'ट्विन फँटसी'. कार सीट हेडरेस्ट म्हणजे विल टोलेडो. घरच्यांच्या कानांवर पडू नये म्हणून गाडीत बसून गाणं रेकॉर्ड करायचा, नाव तिथून पडलं. 2011 मध्ये त्याने हा अल्बम लॅपटॉपवर केला आणि बॅन्डकॅम्पवर टाकला. आवाज चेपलेला, गिटार फाटलेली, एक गाणं बारा मिनिटांच्या वर. पुढे त्याला लेबल मिळालं, बँड मिळाला आणि 2018 मध्ये त्याने तोच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा रेकॉर्ड केला. शब्द काही ठिकाणी बदलले. जुना पुसला नाही, दोन्ही ठेवले.

दुसरा जास्त चांगला वाजतो. ढोल ढोलासारखे ऐकू येतात. मी दोन्ही बऱ्याचदा ऐकले आहेत आणि माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. पहिल्यात तो मुलगा, पुढे काय होणार आहे हे माहीत नसताना गातो. दुसऱ्यात त्याला गाणं कुठे जाणार ते ठाऊक आहे. हे त्याचं अपयश नाही, सात वर्षांनी ते न-ठाऊक असणं कुणालाच आणता येणार नाही.

हे मला इतकं ठामपणे सांगता येतं, कारण मी मामांकडे परत गेले होते. "मामा, दुसऱ्या दिवशीचं सगळं माझ्याकडून पुसलं गेलं. पुन्हा सांगाल का?" ते म्हणाले, "अगं त्यात काय, बस की." आणि त्यांनी सांगितलं. या वेळी पंचवीस मिनिटांत. पहिल्यांदा सांगताना ते एका रेडिओवरून दुसऱ्यावर, तिथून तो रेडिओ आणणाऱ्या माणसावर, तिथून स्वतःच्या पहिल्या सोल्डरिंग आयर्नवर गेले होते आणि मधेच गप्प बसले होते. मी कॅमेरा बंद करू का असा विचार करेपर्यंत गप्प. दुसऱ्यांदा सगळं ओळीने आलं. आयर्नचा किस्सा त्यांनी स्वतःच गाळला. "ते तुला सांगितलंय मी," म्हणाले.

ती नवी फाइल मी मामा2 म्हणून ठेवली नाही. तिला मामा4 नाव दिलं, तीन ठिकाणी प्रती केल्या आणि मूळ रेकॉर्डिंगचं अख्खं फोल्डर फक्त-वाचण्यापुरतं करून टाकलं.

मागच्या आठवड्यात टाइमलाइन लावत होते. मामा1, मग मामा4, मग मामा3. मामा3 सुरू होते तेव्हा मामा खुर्चीत नीट बसतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हां, तर काल तुला त्या आयर्नचं सांगितलं, तिथून पुढे." मामा4 मध्ये आयर्नचा उल्लेखच नाही, त्यामुळे हे वाक्य बघणाऱ्याला कळणार नाही. कट मारायला साडेतीन सेकंद लागले असते. मी कर्सर तिथे नेला, दोनदा ऐकलं, आणि वाक्य राहू दिलं.